शेजारधर्म आणि पोलीस ठाणे

खाम नदी ओलांडून छावणीत शिरले की वस्तीचे रूप पालटते. एकेकाळी हैदराबाद कंटिंजंटची फौज जेथे राहिली, त्या या भागात एका अंगास लष्कराचे रुंद रस्ते व जुनी झाडे, तर दुसऱ्या अंगास बाजाराच्या गल्ल्या आणि भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरे आहेत. निवृत्त जवान, गुरुवारच्या बाजारावर पोट असलेला व्यापारी, वाळूजच्या कारखान्यात पाळीने जाणारा कामगार, कचेरीतला कारकून आणि परीक्षेच्या तयारीत असलेली त्याची मुले, अशी सारी माणसे येथे शेजारी-शेजारी नांदतात. मंदिर, मशीद आणि चर्च ही या वस्तीत परस्परांपासून फार दूर नाहीत. अशा वस्तीत एकाच्या घरातला आवाज दुसऱ्याच्या घरात गेल्यावाचून राहत नाही, आणि तो असह्य झाला म्हणजे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो: शेजाऱ्याविरुद्ध पोलिसांकडे जावे की न जावे?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. तथापि, ज्याच्या घरात हृदयविकाराचा रुग्ण अंथरुणावर आहे, किंवा जो रात्रपाळी करून सकाळी डोळा मिटू पाहत आहे, त्याला तो क्षुल्लक वाटत नाही. त्याच्यापुढे तीनच वाटा असतात. सोसावे, शेजाऱ्याला सांगावे, किंवा पोलिसांना बोलवावे. बहुतेक माणसे पहिलीच वाट धरतात. त्यांना कायदा ठाऊक नसतो असे नव्हे. परंतु पोलीस दहा मिनिटांत निघून जातो आणि शेजारी मात्र जन्मभर राहतो, हेही त्यांना पक्के ठाऊक असते. मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या निकालात हेच वास्तव नोंदविले आहे. कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातील रहिवासी संघटनांच्या याचिकेवर निर्णय देताना, गोंगाट असह्य होईपर्यंत सामान्य नागरिक तक्रार करीत नाही, हे न्यायमूर्तींनी मान्य केले. तक्रारदाराचे नाव उघड झाल्यास त्याला वैराला तोंड द्यावे लागेल, म्हणून ओळख न विचारता पोलिसांनी तक्रारीची दखल घ्यावी, असा आदेशही त्यांनी दिला. लोकांच्या गप्प बसण्याला भीती म्हणतात, संमती नव्हे, ही गोष्ट या निकालाने मान्य केली, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

परंतु तक्रार कशाची करावी, याचा विवेक आधी तक्रारदाराने केला पाहिजे. तान्हे मूल रात्री रडते, पहाटे कोणी वाटण वाटते, वरच्या मजल्यावरील म्हातारा काठी टेकीत फिरतो, हे संसाराचे आवाज आहेत. दाट वस्तीत राहणाऱ्याने ते सोसलेच पाहिजेत. त्यांसाठी पोलीस बोलावणे हा शेजारधर्माचा आणि पोलिसांच्या वेळेचाही अपमान होय. वाढदिवसासाठी रस्त्यात उभ्या केलेल्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांचे मात्र तसे नाही. वरातीचा डीजे, मध्यरात्रीचे फटाके, सायलेन्सर काढून गल्लीत फिरविलेली मोटरसायकल, हा संसार नव्हे. ही मिरवणूक आहे. पहिल्या आवाजावाचून कुणाचे जगणे अडेल, दुसऱ्यावाचून केवळ कुणाचा तोरा अडेल. कायद्याचा हात दुसऱ्यापुरताच पोहोचावा, असे आम्हांस वाटते.

हा कायदाही पुरेसा स्पष्ट आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचे हे माप साध्या बेरजेने वाढत नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते. म्हणून ५५ च्या जागी ७५ झाले तर 'थोडे वाढले' असे म्हणता येत नाही. ते शंभरपट झालेले असते. ध्वनिक्षेपकास लेखी परवानगी हवी, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात तो उघड्यावर लावता येत नाही. वर्षातून फार तर १५ दिवस सणसमारंभासाठी ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढविण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. 'दहाच्या आत काहीही चालते' असे वाजविणारा म्हणतो आणि पुष्कळदा पोलीस शिपाईही म्हणतो. हे खरे नाही. दहा ही ध्वनिक्षेपकाची वेळमर्यादा झाली. आवाजाची मर्यादा दिवसाही लागू असते. वाळूजहून सकाळी घरी आलेल्या कामगाराची रात्र दुपारी असते, आणि नियमांनी त्यालाही संरक्षण दिले आहे.

मग अडते कोठे? ११२ वर फोन केला की गाडी येते, आवाज खाली जातो. गाडी वळणाआड गेली की पुन्हा वर चढतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ नुसार सार्वजनिक उपद्रवाला १ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो गुन्हा अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना पोलिसांस तपास करता येत नाही, आणि तक्रारदाराच्या हाती नोंदीच्या कागदाखेरीज काही उरत नाही. तथापि, येवढ्यावरून पोलिसांचे हात बांधलेले आहेत असे मानणे चूक ठरेल. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३८ अन्वये लोकांना होणारा त्रास टाळण्यासाठी वाद्ये व ध्वनी बंद करण्याचा लेखी आदेश पोलीस आयुक्त देऊ शकतात. २०२५ च्या उपरोक्त निकालाने तर कारवाईचा क्रमच आखून दिला आहे: प्रथम समज, मग दंड, आणि तरीही न सुधारल्यास ध्वनिक्षेपकाची जप्ती. छावणीपुरते बोलायचे तर येथे कटक मंडळाचीही जबाबदारी आहे. छावणी अधिनियमात उपद्रवांची जी लांबलचक यादी आहे, तीत आरडाओरड्याने शांतता भंग करणेही मोडते. अधिकार आहेत; उणीव आहे ती ते नियमाने वापरण्याची.

छावणीसारख्या मिश्र वस्तीत याला आणखी एक पदर आहे, आणि तोच सर्वांत नाजूक होय. येथे गोंगाटाची तक्रार गोंगाटाविरुद्ध राहत नाही. बघता बघता ती एका समाजाने दुसऱ्याविरुद्ध केलेली तक्रार ठरते. याचे औषध तक्रारी दाबण्यात नाही, सर्वांना एकच माप लावण्यात आहे. न्यायालयांनी हे माप केव्हाच ठरवून दिले आहे. सन २००० मध्ये मद्रासच्या एका निवासी वसाहतीने शेजारच्या चर्चमधील ध्वनिवर्धकांविरुद्ध तक्रार केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. २०१६ मध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने उत्सवांचे मंडप व सर्वच प्रार्थनास्थळे यांना एकाच नियमाखाली आणले. ज्याला केवळ परक्याच्या आळीतला कर्णा ऐकू येतो आणि स्वतःच्या आळीतला ऐकू येत नाही, त्याने आपली तक्रार शांततेसाठी आहे असे म्हणू नये.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ज्याचे घर दोन खोल्यांचे, त्याने मुलीच्या लग्नाचा आनंद रस्त्यावर नाही तर कोठे साजरा करावा? पोलीस आले म्हणजे मोठ्याच्या बंगल्यापुढे नम्र होतात आणि गरिबाच्या मंडपात दरडावतात, हेही काही खोटे नाही. शिवाय वाहनतळाचे वा पाण्याचे जुने भांडण गोंगाटाच्या तक्रारीचा वेष घेऊन ठाण्यात येते, हा अनुभव पोलिसांनाही आहे. या आक्षेपांना आमचे उत्तर येवढेच की, पोलिसाचा अंदाज आणि त्याची मर्जी यांच्या जागी ध्वनिमापक आणावा. यंत्रावरचा आकडा बंगला आणि झोपडी यांत भेद करीत नाही, आणि खोटी तक्रारही त्याच आकड्याने उघडी पडते. इंग्लंडात शेजाऱ्याच्या गोंगाटाची चौकशी मुख्यतः स्थानिक नगरपरिषदेचे अधिकारी करतात. तक्रार खरी ठरल्यास आधी नोटीस देतात, ती मोडली तर खटला भरतात. पोलिसी गणवेश दारात न येताच पुष्कळशी भांडणे मिटावीत, हा त्यामागचा हेतू आपल्या नगरसंस्थांनीही विचारात घेण्याजोगा आहे.

मग सामान्य गृहस्थाने करावे काय? आधी बोलावे, पण गोंगाट चालू असताना, चार पाहुण्यांच्या देखत नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी जावे आणि 'काका, आईला बरे नाही', 'चाचा, मुलाची परीक्षा आहे' अशा शब्दांत आपली अडचण सांगावी. आपला हक्क सांगू नये. पुष्कळदा आपला आवाज पलीकडे किती जातो, हेच लावणाऱ्याला माहीत नसते. त्याने भागले नाही तर गल्लीतील दोन वडीलधारी माणसे मध्ये घालावीत. तारीख-वेळेची टिपणे ठेवावीत. आणि तरीही फरक पडला नाही, तर पोलिसांकडे जाण्यात कसलाही कमीपणा मानू नये. ज्याला दोनदा सांगून कळले नाही, त्याने शेजारधर्म आधीच मोडलेला असतो. तक्रारदार तो मोडीत नाही.

या क्रमाला एक अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा प्रसिद्ध निकाल ज्या याचिकेवर झाला, तिच्या मुळाशी वृत्तपत्रात आलेली एक हकिकत होती. १३ वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला, आणि शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात तिच्या किंकाळ्या कुणालाही ऐकू आल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. शांतपणे जगणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्या निकालात म्हटले. परंतु त्या हकिकतीचा धडा शांत झोपेच्याही पलीकडचा आहे. भिंतीपलीकडून जो आवाज येतो तो दरवेळी त्रासच देत असतो असे नाही; कधी तो हाक मारीत असतो. मारहाण होत असलेल्या बाईचे ओरडणे, मुलाचा आक्रोश, हा 'गोंगाट' नव्हे. तेथे सकाळपर्यंत थांबणे, वडीलधाऱ्यांना विचारणे, 'त्यांच्या घरातला प्रश्न' म्हणून खिडकी लावून घेणे, यांपैकी काहीही क्षम्य नाही. तेथे ११२ वर तत्काळ फोन केला पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार अशी माहिती कोणीही देऊ शकतो, आणि सद्‌हेतूने देणाऱ्यावर तिच्याबद्दल कोणतीही जबाबदारी येत नाही.

छावणी पोलीस ठाण्याकडे आणि कटक मंडळाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. ध्वनिमापक घेऊनच तक्रारीच्या जागी जावे व आकडा नोंदवावा. ध्वनिक्षेपकाची परवानगी कुणास, किती वेळ व किती मर्यादेची दिली, हे ठाण्याच्या फलकावर लावावे. आणि तक्रारदाराचे नाव कोणत्याही शिपायाच्या तोंडून गल्लीत जाऊ नये. या तिन्हींसाठी नवा कायदा करावा लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. नागरिकांकडे आमचे मागणे त्याहून थोडे आहे. आपला कर्णा लावण्यापूर्वी शेजारच्या खिडकीकडे एकदा पाहावे. जेथे रात्री शांतता असते, तेथेच शेजाऱ्याची हाक ऐकू येते.