आपलं लग्न आणि रूढीचा दाखला

वस्तीतल्या शिबिरात मी पहिला प्रश्न हमखास विचारते, कायदा येतो कुठून? उत्तर एकसुरात येतं, संविधानातून. चूक नाही, पण अपुरं आहे. संविधान सर्वोच्च, त्याखाली संसदेने आणि विधिमंडळाने केलेले कायदे, शिवाय कलम १४१ मुळे सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक. इथपर्यंत माना डोलतात. पुढचं नाव घेतलं की लोक चमकतात: रूढी.

होय, रूढीसुद्धा. ज्या रूढीने आपल्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावरून हाकललं, तिच्याच जातकुळीतली. संविधानाच्या कलम १३ ने कायद्याच्या व्याख्येत रूढी आणि परिपाठ धरले, त्यामुळे मूलभूत हक्कांना आडवी येणारी रूढी रद्दबातल ठरते. पण बाकीची रूढी अनेक कायद्यांनी जपून ठेवली आहे, आणि त्यातला एक कायदा थेट आपल्या घरात शिरतो.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा कलम २ नुसार बौद्धांनाही लागू आहे. कलम ७ म्हणतं, विवाह वधू किंवा वराकडच्या रूढीच्या विधींनी व्हावा. आणि कलम ३ नुसार रूढी म्हणजे दीर्घकाळ, सातत्याने, एकसारखी पाळली गेलेली. आता हिशेब करा. कायदा मे १९५५ चा, नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. रूढी झुगारून आपण धम्मात आलो आणि धम्मातलं लग्न सिद्ध करायला रूढीचाच दाखला द्यायचा!

कुणी म्हणेल, अडतं कुठे? संसार सुरळीत असेपर्यंत कुठेच नाही. नवऱ्याने दुसरं लग्न केलं की कळतं. भाऊराव लोखंडे खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं, कारण त्याचं दुसरं लग्न आवश्यक विधींनी लागल्याचं सिद्ध झालं नाही. तो खटला बौद्धांचा नव्हता, पण पेच तोच. त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार, यातलं नेमकं आवश्यक काय, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? आणि ते सिद्ध करायचं कुणी? टाकलेल्या बाईने.

तामिळनाडूने हा प्रश्न १९६७ सालीच सोडवला. पेरियारांच्या चळवळीतली भटजीविना लागणारी स्वाभिमान लग्नं अण्णादुराई सरकारने याच कायद्यात कलम ७-अ घालून वैध केली, आधी लागलेली सुद्धा. नातेवाईक-मित्रांसमोर एकमेकांचा स्वीकार जाहीर करा, किंवा हार, अंगठी घाला, झालं. रूढी सिद्ध करायची गरजच नाही.

विवाह हा विषय समवर्ती सूचीतला, त्यामुळे राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्रालाही हे करता येईल. काही साथी म्हणतात, ‘हिंदू’ नावाच्या कायद्यात दुरुस्ती कशाला, स्वतंत्र बौद्ध विवाह कायदाच हवा. शिखांना १९०९ पासून आनंद विवाह कायदा आहेच की. त्या नावाचा सल मलाही आहे, स्वतंत्र कायद्याची मागणी मीही करते. पण तो येईपर्यंत कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या बाईला थांब कसं म्हणायचं? आधी दुरुस्ती मागू, कायद्याचा लढा सोबत चालू द्या.

तोवर एवढं करा. नुसत्या नोंदणीच्या कागदावर विसंबू नका. विधीच झाला नसेल तर नोंदणीने लग्न वैध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. प्रतिज्ञा घेतानाचं चित्रीकरण, बौद्धाचार्यांच्या सहीचं प्रमाणपत्र आणि दोन्हीकडच्या साक्षीदारांची नावं-पत्ते मुलीच्या माहेरीही ठेवा.