विश्लेषण : घरगुती फर्निचरसाठी जॉइंटर कसा निवडावा?

घरच्या घरी टीपॉय, चौरंग किंवा छोटे कपाट करायला घेतले की पहिली अडचण फळीचीच येते. वखारीतून आणलेली फळी दिसते सरळ, पण दुसऱ्या फळीला जोडून धरली की मधून उजेड दिसतो. ही फट घालवणारे यंत्र म्हणजे जॉइंटर, अर्थात रंधा मशीन. नवशिक्याने ते घेताना काय पाहावे?

जॉइंटर नेमके काय करतो?

दोन टेबलांच्या मध्ये पाती बसवलेला दंडगोल वेगाने फिरतो. फळी जिथून आत सरकवायची ते टेबल किंचित खाली असते. बाहेर पडण्याचे टेबल पात्यांच्या वरच्या टोकाशी समतल असते. त्यामुळे फळीचा बाक आणि पीळ निघून एक बाजू सपाट होते. ती बाजू उभ्या फेन्सला टेकवून सरकवली की कड काटकोनात येते. मात्र संपूर्ण फळीची जाडी एकसारखी करणे हे जॉइंटरचे काम नव्हे. त्यासाठी थिकनेसर लागतो.

तो खरोखर हवा का?

प्लायवूड किंवा एमडीएफचे कपाट करणाऱ्याला जॉइंटरची गरज नाही. ते मुळातच सपाट असतात आणि त्यांतील गोंदाने पाती लवकर बोथट होतात. सागवानासारख्या भरीव लाकडात काम करायचे असेल, तरच हा खर्च सार्थकी लागतो.

रुंदी महत्त्वाची की लांबी?

खरेदीदार आधी रुंदी विचारतो. ६ इंची यंत्रावर साधारण १५० मिमी रुंदीची फळी सपाट होते. घरगुती कामाला एवढे बहुतेक वेळा पुरते, कारण रुंद पाट अरुंद फळ्या जोडूनच करतात. खरी मर्यादा टेबलाच्या लांबीची असते. दोन्ही टेबलांच्या एकत्रित लांबीच्या दुपटीपर्यंतची फळी नीट सरळ होते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ३० इंची टेबलावर ५ फुटांपर्यंत. टीपॉयला हे भरपूर झाले, पलंगाच्या पट्ट्यांना अपुरे.

दुकानात काय तपासावे?

लांब सरळ पट्टी ठेवून दोन्ही टेबले समांतर आहेत का, ते पाहावे. फेन्स गुण्याला ९० अंशांत बसते का आणि घट्ट केल्यावर हलत तर नाही ना, हेही बघावे. पात्यांवरचे झाकण आपोआप परत बंद होत नसेल, तर ते यंत्र स्वस्त असले तरी घेऊ नये.

धोका कुठे?

फिरती पाती हाताच्या अगदी जवळ असतात. १२ इंचांपेक्षा आखूड तुकडा त्यावर चालवू नये, एका फेरीत दीड मिमीपेक्षा जास्त लाकूड काढू नये, हातमोजे घालू नयेत आणि फळी ढकलायला पुश ब्लॉक वापरावा. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवली आहे. म्हणून मास्क आणि धूळ ओढणारी जोडणी हवीच.

मग सुरुवात कशी करावी?

वर्षाकाठी दोन-तीनच वस्तू करायच्या असतील, तर वखारीत किंवा सुतारकामाच्या कारखान्यात फळ्या रंधून घ्याव्यात आणि कडा हातरंध्याने जुळवाव्यात. काम वाढले की झाकण असलेला ६ इंची जॉइंटर घ्यावा. पैसे उरत असतील, तर ते रुंदीपेक्षा लांब टेबलावर खर्च करावेत.