सर बदलून द्या!

मुलांनो,

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा नुकतीच सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत मी वह्या तपासत बसले होते, तेवढ्यात सातवीची चार-पाच मुलं आत आली. सगळ्यांचे चेहरे गंभीर. एकाने वहीचा फाडलेला कागद माझ्यापुढे ठेवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'विषय : खो-खोचे सर बदलून मिळणेबाबत.' खाली अकरा सह्या!

झालं होतं असं, की आमच्या मुलुंडच्या शाळेचा संघ पहिल्याच सामन्यात हरला होता. तोही एक डाव आणि वर सहा गुणांनी. मुलांना वाईट वाटणारच. पण अर्ज वाचून मला हसू येईना. कारण तो कागद सकाळपासून शिक्षकांच्या खोलीत टेबलावर पडला होता आणि सरांनी तो वाचला होता. तासाआधी ते मला हळूच म्हणाले होते, "बाई, मुलांना नको असेन तर मीच सोडतो. उगाच त्यांचं नुकसान नको."

मी मुलांना म्हटलं, "उद्या शेवटच्या तासाला या. आधी एक गोष्ट सांगते, मग अर्जाचं बघू." तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगते.

आपल्या हॉकी संघाने ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णपदकं मिळवली, हे तुम्हाला पाठच असेल. त्यातलं शेवटचं १९८० सालचं. त्यानंतर मात्र पदकासाठी तब्बल ४१ वर्षं वाट पाहावी लागली. याची कारणं पुष्कळ आहेत. कृत्रिम गवताची मैदानं आपल्याकडे उशिरा आली, हे एक मोठं कारण. पण आणखीही एक गोष्ट सारखी घडत होती. संघ हरला, की प्रशिक्षक बदला!

गंमत म्हणजे जिंकल्यावरही बदला! १९९८ साली बँकॉकच्या एशियाडमध्ये आपण ३२ वर्षांनी सुवर्णपदक जिंकलं. कर्णधार होता आपल्या पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले आणि प्रशिक्षक होते एम. के. कौशिक. सत्कार व्हायला हवेत की नाही? पण थोड्याच दिवसांत धनराजसह अनेक खेळाडूंना वगळलं आणि कौशिक यांचंही पद गेलं.

२००२ साली क्वालालंपूरला विश्वचषक चालू होता. आपण सामने हरत होतो. तेव्हा मुंबईचे सेड्रिक डिसूझा प्रशिक्षक होते. त्यांना स्पर्धा चालू असतानाच काढून टाकलं! म्हणजे गणिताचा पेपर अर्धा लिहून झालाय आणि कुणी येऊन सांगतंय, 'आता दुसऱ्या रीतीने सोडवा.' आपला नंबर आला दहावा.

२००४ साली पुन्हा तेच. राजिंदर सिंग यांच्या हाताखाली संघाने आदल्याच वर्षी आशिया चषक जिंकला होता. तरी अथेन्स ऑलिंपिक काही आठवड्यांवर आलं असताना त्यांना बाजूला करून जर्मनीचे गेरहार्ड राख यांना आणलं. नव्या सरांना मुलांची नावं आणि सवयी कळेपर्यंत स्पर्धा संपलीसुद्धा. आपण सातवे.

मग पाळी आली मुंबईच्याच जोकिम कार्व्हालो यांची. सप्टेंबर २००७ मध्ये चेन्नईला त्यांच्या संघाने आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात कोरियाला ७-२ असं हरवलं. केवढा जल्लोष! आणि सहाच महिन्यांनी चिलीतल्या सँटियागोत आपण ब्रिटनकडून ०-२ ने हरलो. १९२८ पासून भारताची हॉकी नाही असं एकही ऑलिंपिक झालं नव्हतं. २००८ चं बीजिंग आपल्याविना झालं. कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. बघा, सहा महिन्यांत माणूस तोच होता. शहाण्याचा एकदम वेडा कसा होईल?

यानंतर ऑस्ट्रेलिया, स्पेन, हॉलंड अशा देशांतून प्रशिक्षक आले आणि गेले. हॉलंडचे पॉल व्हॅन आस तर २०१५ मध्ये काही महिनेच टिकले. २०१८ साली पुरुष संघाचे श्योर्ड मरिन्ये महिला संघाकडे गेले आणि महिला संघाचे हरेंद्र सिंग पुरुषांकडे आले. म्हणजे 'अ' तुकडीचे सर 'ब' ला, 'ब' चे 'अ' ला! पुढच्या जानेवारीत हरेंद्र सिंगही गेले. २०१४ च्या अखेरीपासून २०१९ च्या एप्रिलपर्यंत, साडेचार वर्षांत, पुरुष संघाला पाच नवे मुख्य प्रशिक्षक मिळाले.

सारखे सर बदलले की काय होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी घाटकोपरला पाचवीत असताना आम्हाला एका वर्षात गणिताला तीन शिक्षक लाभले. तिघेही चांगले. पण भागाकार मांडायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी! शेवटी मला एकही धड येईना. हॉकीत तर अकरा जणांनी एकाच वेळी एकच विचार करायचा असतो. एक सर सांगतात पुढे घुसा, दुसरे सांगतात आधी गोल राखा. पायांनी ऐकायचं कुणाचं?

आता पुढचं ऐका. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम रीड एप्रिल २०१९ मध्ये आले. २०२० च्या टाळेबंदीत खेळाडू बंगळुरूच्या शिबिरात अडकले, तेव्हा रीडही तिथेच राहिले. पुढच्या वर्षी टोकियो ऑलिंपिक झालं आणि दुसऱ्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याला ७-१ असं धुतलं! २००२ सारखं वागायचं, तर रीड यांचं विमानाचं तिकीट काढायला हवं होतं. पण या वेळी कुणी काही बदललं नाही. संघ शांतपणे पुढचे सामने खेळला आणि ५ ऑगस्ट २०२१ ला १-३ असा मागे असताना जर्मनीला ५-४ ने हरवून कांस्यपदक घेऊन आला. तीन वर्षं मरिन्ये यांच्याबरोबर घडलेल्या आपल्या मुलीही चौथ्या क्रमांकापर्यंत पोचल्या.

"म्हणजे बाई, सर कधीच बदलायचे नाहीत?" आमच्या वर्गात लगेच प्रश्न आला. चांगला प्रश्न! तसं नाही हं. २०२३ च्या विश्वचषकात निराशा झाल्यावर रीड यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी दक्षिण आफ्रिकेचे क्रेग फुल्टन आले आणि २०२४ ला पॅरिसमध्ये आपण पुन्हा कांस्यपदक जिंकलं. तेव्हा बदलही चांगला असू शकतो. पण नव्या माणसाला वेळ द्यावा लागतो. आणि राग आला म्हणून बदलणं वेगळं, विचार करून बदलणं वेगळं.

मी फळ्यावर लिहिलं, 'आपण का हरलो?' मुलं सांगू लागली. सराव आठवड्यातून एकच दिवस. मैदान दुसऱ्यांना दिलेलं. सर निवडणुकीच्या कामावर. खो द्यायच्या घाईत फाऊल. शेवटी अगदी हळू आवाजात एक मुलगा म्हणाला, "आम्ही सहाच्या सरावाला साडेसहाला येतो."

"आता सांगा, यातलं काय काय सर बदलल्याने बदलेल?"

वर्ग गप्प. मग कर्णधार मुलगी उठली. अर्जावर तिची सही नव्हती. ती म्हणाली, "खांबाला वळताना मी पडायचे, तेव्हा सर रोज माझ्याबरोबर वळून दाखवायचे. त्यांचाही गुडघा फुटला होता."

अर्ज मुलांनी परत नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर नऊ जण हजर होते, दहावे सर. फेब्रुवारीतल्या स्पर्धेत आमचा संघ दुसऱ्या फेरीत हरला. म्हणजे एकच पाऊल पुढे. पण या वेळी अर्ज काही आला नाही, पुढच्या वर्षीच्या सरावाची वेळ विचारायला मात्र सगळे आले.

तुमचा संघ हरला, तर तुम्ही आधी काय बदलाल? मला पत्राने जरूर कळवा हं!

तुमच्या बाई