हॉटेलचं जेवण तपासलं जातं, भटारखान्यातला माणूस का नाही?

६ डिसेंबर २०२५ ची रात्र. गोव्यात हडफडेतल्या एका नाइटक्लबला आग लागली आणि २५ जण गेले. बातमी देशभर चालली. मालक थायलंडला पळाले, तिथून त्यांना परत आणलं, परवान्यांच्या भानगडी बाहेर आल्या. हे सगळं तुम्ही वाचलं असेल. पण त्या आकड्यातली एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात राहिली. गेलेल्या २५ पैकी पर्यटक होते ५. उरलेले २० जण तिथं कामाला होते.

आग लागली वर, डान्स फ्लोअरच्या बाजूला. आणि माणसं मोठ्या संख्येनं गेली ती खाली, तळघरातल्या किचनच्या भागात. बहुतेकांचा जीव ज्वाळांनी घेतला नाही, धुरानं घेतला. झारखंड, उत्तराखंड, आसाम, नेपाळ अशा ठिकाणांहून पोटासाठी आलेली ही पोरं.

आता प्रश्न असा, की किचन तळघरातच का होतं?

याचं उत्तर हॉटेलवाल्या कुणालाही विचारा, तो एका वाक्यात देईल. जागेचं भाडं स्क्वेअर फुटावर असतं आणि पैसे देतं ते टेबल, भट्टी नाही. त्यामुळे खिडकीजवळची, हवेची, दरवाज्याजवळची जागा गिऱ्हाइकाला. जी जागा गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही, ती भटारखान्याला. म्हणजे तळघर, मागची बोळ, जिन्याखालचा कोपरा. आणि ज्या खोलीत इमारतीतली सगळ्यात जास्त आग, गॅस आणि तेल असतं, तिलाच सगळ्यात कमी हवा आणि अनेकदा एकच दरवाजा मिळतो.

हे फक्त गोव्याचं नाही. मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे एका फरसाणाच्या गाळ्याला आग लागली. १२ कामगार गेले. ते झोपले कुठं होते? त्याच गाळ्यात, माळ्यावर. ज्या कढईवर दिवसभर उभं राहायचं, तिच्याच डोक्यावर रात्री पथारी. त्यानंतर अकरा दिवसांनी कमला मिल्सची आग लागली, १४ जण गेले, आणि साकीनाका विस्मरणात गेलं. कमला मिल्सची आठवण आजही निघते. साकीनाक्याची किती जणांना आहे, हे स्वतःलाच विचारून बघा.

पण रोजचं काय?

मोठ्या आगी बातमीत येतात. रोजचं भाजणं, कापणं, घसरणं कुठंच येत नाही. कुठल्याही भटारखान्यात जाऊन आचाऱ्याचे हात बघा. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने काळे डाग असतात. विचारलं तर म्हणेल, लागतंच हो कामात.

त्यातलं बरंचसं टळण्यासारखं असतं. उदाहरणार्थ ओलं फडकं. गरम पातेलं उचलताना घाईत हाताला लागेल ते फडकं घेतलं जातं आणि ते बहुतेक वेळा ओलं असतं. ओल्या कापडातून उष्णता कोरड्यापेक्षा कितीतरी पटकन हाताशी येते, वर आतल्या पाण्याची वाफ होते. हात भाजतो, पकड सुटते आणि वीस लिटर डाळ पायावर येते.

फरशीचंही तसंच. तेलाचे थेंब, भांडी घासण्याच्या मोरीतून वाहत आलेलं पाणी आणि पायात झिजलेली रबरी चप्पल. नुसतं घसरून पडलं तर मुका मार. हातात तळणाची कढई असताना घसरलं तर आयुष्यभराची खूण.

तेलानं पेट घेतला तर अनेकांचा हात आधी पाण्याकडे जातो. इथं गणित उलटं आहे. पाणी १०० अंशाला उकळतं आणि पेटलेलं तेल तीनशेच्या वर असतं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी जातं आणि तिथं क्षणात त्याची वाफ होते. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट वाढतं. ती वाफ पेटतं तेल घेऊन थेट छतापर्यंत उडते. झाकण घालायचं, गॅस बंद करायचा, एवढंच आपल्या हातात. तेलाच्या आगीसाठी वेट केमिकलचं वेगळं अग्निशामक मिळतं. भिंतीवर लटकणारा लाल सिलिंडर त्याच प्रकारचा आहे का, हे किचनमधल्या पोरांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड आहे. गळती झाली की तो वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात, गटारात, तळघरात साचतो. हवेत साधारण दोन टक्के झाला तरी एक ठिणगी पुरते. म्हणून गॅसचा सेन्सर जमिनीजवळ लावायचा असतो, छताला नाही. तळघरातल्या किचनमध्ये सिलिंडर ठेवणं म्हणजे काय, हे यावरून समजेल. गॅसला तिथून बाहेर पडायला वाटच नसते.

तंदूरवाल्याचा धोका तर दिसतच नाही. बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस समजतो की उष्णतेनं होतंय. मुंबईत उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानंतर महापालिकेनं बेकऱ्या आणि तंदूर कोळसा-लाकडावरून हटवायला जुलैपर्यंतची मुदत दिली. चर्चा झाली ती शहराच्या हवेची, आणि तंदुरी रोटीची चव जाणार का याची. त्या भट्टीसमोर दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसाचा विषय त्यात जवळजवळ आलाच नाही.

मग कायदा काय करतो?

खरी गंमत इथं आहे, गंमत म्हणायचं असेल तर.

कारखाना अधिनियम, १९४८. त्यात फरशी घसरडी नसावी हे लिहिलं होतं. कामाच्या जागी हवा खेळती हवी, तापमान सोसवेल इतकं हवं, आगीत बाहेर पडायला वाट हवी, प्रथमोपचार पेटी हवी, सगळं होतं. वाचताना वाटतं, हे हॉटेलच्या किचनसाठीच लिहिलंय. पण ‘कारखाना’ म्हणजे काय हे सांगणाऱ्या कलम २ (एम) मध्येच शेवटी एक ओळ होती: हॉटेल, रेस्टॉरंट किंवा खाण्याची जागा म्हणजे कारखाना नव्हे.

म्हणजे बघा, पुरेसे कामगार असलेल्या फरसाणाच्या कारखान्यात कढईसमोर उभा असलेला माणूस या कायद्याच्या आत होता. तीच कढई, तेच तेल, तोच माणूस हॉटेलच्या किचनमध्ये गेला की कायद्याच्या बाहेर असायचा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात कामाच्या जागेवरच्या सुरक्षेची वेगळी संहिता आहे, आणि दहा किंवा जास्त कामगार असलेली हॉटेलं ‘आस्थापना’ म्हणून तिच्या कक्षेत येतात. नियुक्तिपत्र, आरोग्य तपासणी अशा गोष्टी तिथं आहेत. हे पाऊल पुढचंच. पण कारखान्याच्या व्याख्येतून हॉटेल नव्या संहितेतही बाहेरच ठेवलंय. आणि दहाच्या आत माणसं असलेली खानावळ, चायनीजची गाडी, वडापावचा गाळा यांचं काय, हा प्रश्न होता तिथंच आहे. महाराष्ट्रात तर उलटी दिशा दिसते: दुकाने व आस्थापना कायदा दहाऐवजी वीस कामगारांपासून लागू करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला.

मग किचनमध्ये सरकार जातच नाही का? जातं की. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी लागते. त्वचेचा आजार आहे का, संसर्ग आहे का, लस घेतली का. तपासणी आचाऱ्याचीच होते, पण काळजी असते आपल्या पोटाची. त्याच्या हातावरची जखम बघायची ती अन्नात जंतू जाऊ नयेत म्हणून. ती जखम झाली कशी, हे त्या फॉर्ममध्ये कुणी विचारत नाही. ही तपासणी चूक आहे असं माझं म्हणणं नाही, ती हवीच. पण एकाच माणसाकडे बघताना दोन प्रश्न विचारता येतात आणि आपण एकच विचारतो.

आगीसाठी महाराष्ट्राचा २००६ चा कायदा आहे. त्याखाली दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. कागद जमा होतो. पण एक्झॉस्टच्या नळीत साचलेला तेलाचा थर, जो ठिणगी मिळाली की वातीसारखा जळतो, तो कागदावर दिसत नाही.

जबाबदारी कुणाची, यावर न्यायालयाचं एक अलीकडचं उत्तर आहे. कुर्ल्यात ऑक्टोबर २०१५ मध्ये एका हॉटेलात गॅसगळतीनं आग लागून ८ तरुण गेले. माळ्यावर जेवायला बसले होते, त्या माळ्यावर जेवण देण्याची परवानगीच नव्हती. मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये महापालिकेला जबाबदार धरून प्रत्येक कुटुंबाला ५० लाख रुपये द्यायला सांगितलं. दहा वर्षं लागली. ते गिऱ्हाईक होते, त्यांचे आईवडील मुंबईत होते, लढत राहिले. नेपाळहून आलेल्या, नियुक्तिपत्र नसलेल्या हेल्परच्या घरच्यांनी ही लढाई कुठून सुरू करायची?

आणि आता तर गिऱ्हाईकच नसलेली किचन वाढतायत. क्लाउड किचन. एखादा गाळा, तळघर, बंद शटर आणि बाहेर डिलिव्हरीवाल्यांची रांग. हॉटेलात निदान आपण कधीतरी हात धुवायला जाताना भटारखान्यात डोकावतो. इथं तेही नाही.

ॲपवर ऑर्डर देताना त्या हॉटेलच्या पानावर अगदी खाली एक चौदा आकडी नंबर दिसतो. तो अन्नसुरक्षेचा परवाना. त्याच्याच खाली फॉर्म बी ची शेवटची तारीख दाखवायला एक ओळ पुरेल. फक्त आजवर ती कुणी मागितलेली नाही.