शस्त्रक्रिया तीन तासांची, विश्रांती सहा आठवड्यांची

'टमी टक' हा शब्द आता तालुक्याच्या गावीही ऐकू येऊ लागला आहे. सुटलेल्या पोटावरची सैल कातडी आणि तिच्याखालची चरबी काढून टाकण्याची ही शस्त्रक्रिया. डॉक्टर मंडळी तिला अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी म्हणतात. ही काही कालपरवाची टूम नव्हे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. हॉवर्ड केली यांनी १८९९ सालीच लोंबणारे पोट कापून काढले होते.

माझ्याकडे चौकशीला येतात त्या बहुतेक दोन-तीन बाळंतपणे उरकलेल्या स्त्रिया. कुणाच्या ओटीपोटावरच्या घडीत घामाने सतत चिघळते, कुणाला नुसतेच आरशात पाहावेसे वाटत नाही. याला 'नटवेपणा' म्हणून हिणवणारे बरेच आहेत. मी त्यांतला नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. खर्च किती, पोट किती इंच कमी होईल, याची चौकशी सगळे करतात. 'नंतरचे दिवस कसे जातील?' हे मात्र कोणी विचारीत नाही, आणि सांगणारेही घाईत सांगतात. मग पुण्या-मुंबईला शस्त्रक्रिया करून घरी परतलेल्या बाई आठव्या दिवशी घाबऱ्याघुबऱ्या होऊन विचारतात, 'डॉक्टर, पोट पूर्वीपेक्षा जास्तच फुगलंय, काही बिघडलं का?'

बहुधा काही बिघडलेले नसते. या शस्त्रक्रियेत एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत ओटीपोटावर आडवा छेद घेतात. कातडी वरपर्यंत सोडवून खाली ओढतात, बाळंतपणात मधोमध फाकलेले पोटाचे उभे स्नायू टाके घालून जवळ आणतात आणि बेंबीला नव्या जागी वाट करून देतात. एवढी उलथापालथ झाल्यावर सूज येणारच. ती सहा आठवड्यांत बरीच उतरते, पण पुरती जायला तीन महिने, कधी सहाही लागतात. सकाळपेक्षा संध्याकाळी ती जास्त जाणवते. बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहतो. थोडी बधिरता कायमचीही राहू शकते. म्हणून तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. कातडी भाजली तरी कळत नाही. व्रण आधी लालभडक दिसतो आणि फिका पडायला वर्ष-दीड वर्ष घेतो. तो पुसट होतो, नाहीसा होत नाही.

पहिला आठवडा खरोखर कठीण. पोटावर ताण नको म्हणून कमरेत वाकून चालावे लागते, त्यामुळे पाठ भरून येते. निजताना पाठीमागे दोन-तीन उशा आणि गुडघ्यांखाली एक उशी घ्यावी. जमिनीवरचे अंथरूण या दिवसांत नको, कॉट हवी. बहुतेकदा आत साचणारे पाणी बाहेर काढण्यासाठी नळ्या ठेवलेल्या असतात. त्यांतून किती पाणी आले, हे रोज मोजून वहीत लिहावे. ते पुरेसे कमी झाले की डॉक्टर नळ्या काढतात. पोटाचा पट्टा साधारण सहा आठवडे वापरावा लागतो. उकिडवे बसणे अवघड जाते, म्हणून कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी. वेदनाशामक गोळ्यांनी मलावरोध होतो आणि कुंथणे तर या वेळी अजिबात नको. तेव्हा भरपूर पाणी, फळे आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावे.

आता आपल्या घराघरांतला पथ्याचा प्रश्न. 'भाताने टाके पिकतात', 'डाळीने पू होतो' असे सांगून रुग्णाला चहा-बिस्किटांवर ठेवणारी वडीलधारी माणसे मी नेहमी पाहतो. त्यांची माया खरी, सल्ला चुकीचा. टाके पिकतात ते जंतूंमुळे, वरणभाताने नव्हे. जखम भरून यायला प्रथिने लागतात. डाळ, दूध, उसळी, चालत असतील तर अंडी, हे सारे खुशाल द्यावे.

खरे पथ्य तंबाखूचे आहे. विडी-सिगारेट तर वाईटच, पण आमच्या भागातल्या पुष्कळ बाया मशेरी लावतात आणि ती कोणाला सांगत नाहीत. निकोटिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ताणून शिवलेल्या कातडीची कड काळी पडून मरू शकते. शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे आणि नंतरही जखम भरेपर्यंत मशेरी बंद हवी. डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवू नये.

विश्रांती म्हणजे दिवसभर पडून राहणेही नव्हे. पहिल्या दिवसापासून आधार घेऊन थोडे थोडे चालायलाच हवे, नाहीतर पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. एकाच पायाची पोटरी सुजली वा दुखली, एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, तर रात्रीबेरात्रीही इस्पितळ गाठावे. सकाळची वाट पाहू नये. ताप १०१ अंशांवर गेला, जखमेभोवती लाली पसरू लागली, घाण वासाचा स्राव आला किंवा नळीतून अचानक लालभडक रक्त येऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. म्हणूनच परगावी शस्त्रक्रिया करून तिसऱ्या दिवशी पाच-सहा तासांचा प्रवास करीत घरी परतणे मला पसंत नाही. पहिला आठवडा-दहा दिवस तरी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या हाकेच्या अंतरावर राहावे.

बैठे काम दोन-तीन आठवड्यांनी सुरू करता येते. पण भरलेली कळशी, गॅसचे सिलिंडर, कडेवरचे मूल, धुण्याचा पिळा हे सहा आठवडे वर्ज्य. आणि इथेच आपले घोडे अडते. बाई दहाव्या दिवशी हिंडूफिरू लागली की घराला ती बरी झाली असे वाटते आणि 'हौसेचं ऑपरेशन' म्हणून तिलाही विश्रांती मागायची चोरी होते. हौसेची असो वा गरजेची, जखम सारख्याच गतीने भरते. आतले टाके तुटले, तर पैसे गेले, दुखणे सोसले आणि पोट पुन्हा होते तसेच.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, ही शस्त्रक्रिया ठरवताना नवऱ्याला आणि घरातल्या एका कर्त्या बाईला समोर बसवून डॉक्टरांनी सहा आठवड्यांचा हिशेब सांगावा. पाणी कोण भरणार, डबे कोण करणार, मुलांना शाळेत कोण सोडणार, याची उत्तरे आधी मिळवावीत. मगच तारीख घ्यावी. उत्तरे नसतील तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. आणखी मूल हवे असेल किंवा वजन अजून उतरवायचे असेल, तरीही थांबावे, कारण ही वजन घटवण्याची शस्त्रक्रिया नव्हे. पोट सहा महिने थांबू शकते. ओली जखम घेऊन ओट्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईला मात्र थांबायला सांगणारे कोणीतरी घरात हवे.