अळी राहू द्या, शिसे काढा

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि पाचवी ते नववीच्या दप्तरांतून एक नवीनच वस्तू बाहेर पडू लागली. बोटाच्या दोन पेरांएवढी, लिबलिबीत, कधी पोपटी तर कधी गुलाबी, शेपटी वळवळणारी प्लॅस्टिकची अळी. शिक्षकांनी काही पाकिटे जप्त केली, पालकसभेत बरीच चर्चा झाली, आणि ही वस्तू शाळेत आणण्यास पूर्ण बंदी करावी अशी सूचना आता विश्वस्त मंडळापुढे आली आहे. आमचे मत थोडे निराळे आहे. बंदी घालायचीच असेल तर ती अळीवर नको, अळीच्या डोक्यात बसवलेल्या शिशाच्या गोळीवर घालावी.

ज्या पालकांनी ही वस्तू नीट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ प्रथम बाजारात आणले ते अमेरिकेत, ओहायो राज्यातील ॲक्रन येथील निक क्रीम या गृहस्थाने. १९४९ च्या सुमारास पती-पत्नींनी घरच्या स्वयंपाकघरात साचा करून ते ओतले होते. पुढे तळ्यातील लहान माशांसाठी याच्या इंच-दीड इंचाच्या आवृत्त्या निघाल्या. ब्लूगिल, क्रॅपी अशा या माशांना तिकडे 'पॅनफिश' म्हणतात, म्हणजे अख्खाच्या अख्खा तव्यात मावणारा मासा. आपले काळुंदर आडवे चिरे पाडून, रव्यात घोळून जसे अख्खे तव्यावर जाते, अगदी तसे.

ब्लूगिलचे तोंड एवढेसे असते. म्हणून अळी लहान आणि तिचे वजनही ग्रॅम-दोन ग्रॅमच. तो ती चावत नाही, पाण्यासकट आत ओढतो आणि नकोशी वाटली की लगेच थुंकतो. त्या अर्ध्या क्षणात दोरीचा हलका धक्का हाताला कळला तर मासा मिळतो, नाहीतर नाही. क्रॅपीचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला. तो वर बघत असतो, म्हणून अळी त्याच्या खाली नव्हे, थोडी वर तरंगत ठेवावी लागते. विज्ञानाच्या पुस्तकात प्राण्यांच्या अनुकूलनाचा धडा आहे. तो वाचून जे समजत नाही ते एका संध्याकाळी गरी टाकून समजते, असे आम्हाला वाटते. मासा कुठे उभा असेल, भरती केव्हा वळेल, अळी किती हळू बुडाली पाहिजे, हा विचार मुलाला स्वतःच करावा लागतो. मोबाईलवर तो करावा लागत नाही.

आपल्या खाडीत मात्र हा खेळ जसाच्या तसा उचलता येत नाही, आणि हे मुलांनी नीट समजून घ्यावे. काळुंदर मुख्यतः शेवाळ-वनस्पती खाणारे. ते या अळीला फारसे भुलत नाही, त्याला कणकेची गोळीच बरी. शेवट्याचेही तेच. अळीवर धावून येतात ते चणक, तांबोशी, गोबरा असे शिकारी मासे. ब्लूगिल तळहाताएवढा झाला की तो मोठा झालेला असतो. वीतभर चणक मात्र अजून पिल्लूच असते. ज्या माशाला मुंबईकडे जिताडा म्हणतात तोच हा चणक, पुढे कित्येक किलोंचा होणारा. शिवाय ही जात साधारणपणे आधी नर असते आणि मोठी झाल्यावर मादी होते, म्हणजे अंडी घालणारी पिढी या पिल्लांतूनच यायची असते. खारफुटीची मुळे आणि खाजनातले पाणी ही त्यांची बालवाडी. तेव्हा गरीचा काटा चिमट्याने दाबून टाकावा आणि असा छोटा मासा ओल्या हाताने सोडून द्यावा. मानशीवर तर परवानगीशिवाय जाऊच नये. तिथल्या मासळीचा लिलाव झालेला असतो, आणि ओहोटीला तिथे पाण्याला ओढही भयंकर असते.

आता शिशाकडे वळू. बाजारातील स्वस्त जिगहेड, म्हणजे अळी अडकवायची डोके असलेली गरी, बहुधा शिशाची असते. जोडीला फटीच्या छोट्या गोळ्या असतात. फटीत दोरी घालून गोळी दाबायची, आणि मुले ती दाबतात दाताने. खिशात तीच गोळी, त्याच हाताने शेंगदाणे. मुलांच्या शरीरात शिसे किती गेले तरी चालते अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि तो उलटवता येत नाही.

पक्ष्यांची गोष्ट तर जगाने कधीच ओळखली आहे. इंग्लंडमध्ये हंस या गोळ्या खड्यांबरोबर गिळून मरू लागले, म्हणून तिथे १९८७ साली लहान वजनाच्या शिशावर बंदी आली. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात लून नावाच्या पाणपक्ष्यासाठी २८ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजने व जिगहेड जून २०१६ पासून गोड्या पाण्यात वापरण्यास आणि विकण्यासही मनाई झाली. अळीवर मात्र तिथे बंदी नाही.

"पण आपल्या पागेराला पिढ्यान् पिढ्या शिसेच आहे ना?" असे एका आजोबांनी सभेत विचारले. आहे, आणि ते घरच्या चुलीवर वितळवलेलेही आम्हाला ठाऊक आहे. परदेशी वस्तू वाईट आणि आपली चांगली असा आमचा दावाच नाही. चुलीवर शिसे वितळवणे अळीपेक्षा कितीतरी घातक, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

अळी अगदी निर्दोष आहे असेही नव्हे. खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून तिला खळगा पाडते, हे प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिले आहे. त्यातला मऊपणा आणणारा द्रव पट्टीत उतरतो म्हणून तसे होते. ही अळीही त्याच जातीची. तेव्हा ती कंपासपेटीत ठेवू नये, तोंडात धरू नये, हाताळल्यावर हात धुवावेत. तुटलेला तुकडा पाण्यात टाकणे तर सर्वथा गैर. ट्राउट मासे तळाशी पडलेल्या अशा अळ्या आपणहून गिळतात आणि त्यांची वाढ खुंटते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले आहे. पाण्यात ही अळी फुगते, आणि माशाच्या पोटात ती जिरत नाही.

मासे मारणेच मुळात नको, असे म्हणणारेही काही पालक आहेत. त्यांच्या भावनेचा आदर आहे. त्यांच्या मुलांना कोणी आग्रह करू नये. पण चढणीच्या माशांची वाट बघणाऱ्या गावात सर्वच मुलांना गरीपासून दूर ठेवणे आम्हाला पटत नाही.

शिशाला पर्याय शोधायला लांब जावे लागत नाही. कथिलाची किंवा टंगस्टनची जिगहेड मिळतात, ती महाग आहेत. सायकलच्या दुकानातला छोटा लोखंडी नट दोरीत ओवून, त्याखाली वीतभर अंतरावर साधी गरी बांधून तिला अळी लावली तरी काम होते. अळी उलट अधिक मोकळी हलते.

विश्वस्त मंडळास आमची विनंती एवढीच आहे. विज्ञान प्रयोगशाळेत अशा नटांची एक बरणी ठेवावी, आणि शेजारी तुटलेल्या अळ्या टाकायला झाकणाचा डबा. जप्त केलेली पाकिटे पालकांच्या सहीने मुलांना परत द्यावीत. त्यांतील शिशाची जिगहेड मात्र काढून कार्यालयातच ठेवावीत.