सुरांची पेढी बुडू नये

काळ बदलला की बाजार बदलतो, आणि बाजार बदलला की जुन्या व्यापाऱ्याने एक तर आपली चाल बदलावी किंवा दुकानाला कुलूप लावावे, हा व्यवहाराचा नियम आहे. त्याबद्दल अश्रू ढाळीत बसणे हे वृत्तपत्राचे काम नव्हे. टांगे गेले, कल्हईवाले गेले. धुळ्यात पाचकंदील हे नाव राहिले, पण रॉकेलचा कंदील विकत घेण्यास आता तेथे कोणी जात नाही. तथापि एखादा व्यवसाय लयास जाताना समाजाच्या मालकीची एखादी वस्तू आपल्याबरोबर घेऊन जात असेल, तर ती वस्तू कोणती आणि ती कशी वाचविता येईल याचा विचार वेळीच झाला पाहिजे. जळगाव आणि धुळे येथील गाण्यांच्या तबकड्या, कॅसेटी आणि सीडी विकणाऱ्या दुकानांचा प्रश्न आम्ही आज येथे मांडीत आहोत तो याच दृष्टीने.

या व्यवसायाचा पूर्वेतिहास ध्यानात घेतल्यावाचून त्याचे आजचे दुखणे कळणार नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजान हिचे गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि १९०८ साली त्याच शहरात सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला. तेव्हापासून पुढे कितीतरी दशके हा धंदा मुख्यतः एका बड्या कंपनीच्या हाती होता. मोठ्या शहरांच्या आवडीवर चालणाऱ्या त्या व्यापारात अहिराणीसारख्या बोलीला मानाचे पान मिळणे दुरापास्तच होते. १९८० नंतर स्वस्त कॅसेट आली आणि हे चित्र पालटले. अमेरिकन संगीतसंशोधक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतातील या पालटाचा साक्षेपाने मागोवा घेतला आहे. ध्वनिमुद्रणाचा खर्च उतरला, आणि जे गाणे कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या यादीत कधी आले नसते ते तालुक्याच्या बाजारपेठेत विकले जाऊ लागले. कानबाईची गाणी, आखाजीच्या झोक्यावरची गाणी, लग्नातली हळदीची गाणी, तमाशातले वग हे सारे प्रथमच पेटीत बंद होऊन घरोघर गेले. त्या काळात गाण्याचा दुकानदार हा केवळ विक्रेता नव्हता. गायक हुडकणारा, त्याला चार पैसे देणारा आणि गिऱ्हाइकाची नस ओळखणारा असा तो एक छोटा प्रकाशकच होता.

पुढची पडझड सर्वांच्या डोळ्यांदेखत झाली. १९९९ साली अमेरिकेत नॅप्स्टर निघाले आणि गाण्याची नक्कल करण्यास पैसा लागत नाही हे जगास समजले. आपल्याकडे मोबाइलच्या इवल्याशा कार्डात शेकडो गाणी भरून देणारी टेबले बाजारात आली. जळगावच्या गोलाणी मार्केटपासून तालुक्याच्या बसस्थानकापर्यंत हा धंदा फोफावला, आणि त्यातला फार मोठा भाग उघड उघड चोरीचा होता. २०१० च्या सुमारास ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने अशा दुकानांना परवाने देण्याची योजना काढून पाहिली. पण चोरीचा माल सर्वत्र फुकटच्या भावाने मिळत असता परवान्याची कदर कोण करणार? २०१६ च्या फेब्रुवारीअखेर मुंबईच्या काळा घोडा भागातील ‘ऱ्हिदम हाऊस’ या नामांकित दुकानाने दरवाजे मिटले; त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओ सुरू झाले आणि गाणे कार्डात भरून घेण्याचेही कारण उरले नाही. ज्याने कॅसेटवाल्याला बुडविले तो कार्डवालाही अशा रीतीने बुडाला.

या घटनाक्रमातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. दुकानदारांनी काळाबरोबर जावे आणि गाणी डाउनलोडच्या रूपाने विकावीत, असा उपदेश अद्यापही काही मंडळी करतात. हा उपदेश कालबाह्य आहे. फ्लिपकार्टसारख्या धनाढ्य कंपनीने २०१२ च्या फेब्रुवारीत गाण्यांच्या डाउनलोडचे दुकान थाटले आणि २०१३ च्या जूनमध्ये, म्हणजे अवघ्या सोळा महिन्यांत, ते बंद केले. जे भांडवलदारास साधले नाही ते नवी पेठेतल्या किंवा आग्रा रोडवरच्या एकट्या दुकानदारास साधेल असे मानणे हे त्याची फसवणूक करण्यासारखे आहे. गाण्याच्या नकलेची किंमत आज शून्यावर आली आहे, आणि जिची किंमत शून्य आहे ती वस्तू कितीही विकली तरी गल्ल्यात शून्यच पडणार. म्हणून नक्कल न करता येणारी अशी कोणती वस्तू आपल्यापाशी आहे, हाच प्रश्न दुकानदाराने स्वतःस विचारला पाहिजे.

जळगावकरांस याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागणार नाही. हे गाव सराफीसाठी प्रसिद्ध आहे. सोन्याचा भाव सर्वत्र जवळपास सारखाच असतो. मग लोक विशिष्ट पेढीचीच पायरी का चढतात? तेथे कस पारखला जातो आणि शब्द पाळला जातो म्हणून. गाण्याच्या दुकानदाराचीही खरी मालमत्ता कॅसेट ही नव्हेच. त्याची पारख ही आहे. कोणत्या गायिकेची कानबाईची गाणी अस्सल, कोणता वग कोणत्या फडाचा, एखाद्या नाट्यपदाचे जुने मुद्रण कोणाचे, हे तो सांगू शकतो. यूट्यूबवर कोटी गाणी आहेत. परंतु ज्याला नेमके काय ऐकावे हे ठाऊक नाही त्याला कोटी गाणी आणि शून्य गाणी सारखीच. हे आमचे केवळ तर्कशास्त्र नव्हे. सारेगामा कंपनीने २०१७ साली ‘कारवां’ नावाची पेटी काढली. तिच्यातली पाच हजार गाणी एरवी फुकट ऐकण्यास मिळत होती, तरीही सहा हजार रुपयांच्या घरात किंमत मोजून लोकांनी ती घेतली, कारण कोणीतरी गाणी निवडून आणि लावून दिली होती. निवडीस मोल आहे, याचा याहून रोकडा पुरावा तो कोणता?

मग दुकानदाराने प्रत्यक्ष करावे काय? आमच्या मते पहिले काम जुन्या फितींचे रूपांतर करण्याचे. खान्देशातल्या हजारो घरांत पेट्यांच्या तळाशी कॅसेटी पडून आहेत. कोणाच्या आजीच्या ओव्या, कोणाच्या गावचे कीर्तन, कोणाच्या लग्नातली गाणी त्यांत आहेत. चुंबकीय फीत अमर नाही. दमटपणा, बुरशी आणि आमचा वैशाखातला उन्हाळा तिला दर वर्षी थोडी थोडी खात आहे. हे रूपांतर घाईने होत नाही. तासाभराची कॅसेट उतरविण्यास तासच लागतो. फीत चिकटली असेल तर ती सोडवावी लागते, यंत्राचे डोके साफ करावे लागते आणि कानाने ऐकत बसावे लागते. हे मोबाइलवर बोट फिरवून होणारे काम नव्हे, म्हणूनच त्यास दाम मिळू शकतो. हिशेब कठीण नाही. चांगल्या प्रतीची, आवाज न दाबता केलेली एक तासाची प्रत सुमारे एक गिगाबाइट जागा घेते. म्हणजे अशा हजार कॅसेटी हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या एका डिस्कवर बसतात. दिवसाला आठ तास एक यंत्र चालविले तर हजार कॅसेटींस सव्वाशे दिवस पुरतात. गिऱ्हाइकाने स्वतःची कॅसेट आणावी, स्वतःच्या उपयोगासाठी उतरवून घ्यावी आणि मजुरी द्यावी, हा व्यवहार स्वच्छ आहे. त्या प्रतींचा बाजार मांडणे मात्र स्वच्छ नाही, हा भेद दुकानदाराने पाटीवर लिहून लावावा.

दुसरे काम प्रकाशनाचे. पुण्याच्या ‘आलुरकर म्युझिक हाऊस’ने कॅसेटच्या काळात हे करून दाखविले. मल्लिकार्जुन मन्सूर, मालिनी राजूरकर यांच्यासारख्या कलावंतांचे गायन एका दुकानदाराच्या रसिकतेमुळे लोकांपर्यंत पोचले. खान्देशातल्या दुकानदाराला तर घरचेच धन उपलब्ध आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली निवर्तल्या आणि त्यांचा काव्यसंग्रह १९५२ साली प्रसिद्ध झाला. आपल्या कायद्यातील साठ वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेल्याने त्या संग्रहातील कविता आज कोणासही नव्याने स्वरबद्ध करून गाता येतील. चित्रपटातल्या चालींची मात्र उचल करता येणार नाही. चाल नवी हवी. गावातल्या गळ्यांकडून ही गाणी गाऊन घ्यावीत, कागदावर करार करावा आणि तीच मुद्रणे स्वतःच्या नावाने यूट्यूबवर ठेवावीत. ज्या माध्यमाने दुकान बुडविले त्याच माध्यमाकडून मग उत्पन्न येईल. अहिराणी गाण्यांना गेल्या काही वर्षांत तेथे कोट्यवधी श्रोते लाभले आहेत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्या गर्दीचा पैसा गाणाऱ्याच्या आणि गीत रचणाऱ्याच्या पदरात किती पडतो, हे विचारणारा कोणी नाही. २०१२ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांस मानधनाच्या वाट्याचा हक्क दिला आहे. तो हक्क पाळणारा प्रकाशक जळगावात किंवा धुळ्यात निघाला, तर कलावंत त्याच्या दारी आपण होऊन येतील. आणि जे अद्यापही कार्डात चोरीची गाणी भरून देत असतील त्यांनी हे विसरू नये की, या गुन्ह्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितलेला आहे.

तिसरे काम ऐकविण्याचे. अमेरिकेत स्वतंत्र दुकानदारांनी एकत्र येऊन २००८ पासून दर वर्षी ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ साजरा करण्यास आरंभ केला, आणि २०२२ साली तेथे तबकड्यांची विक्री संख्येने सीडींपेक्षा वर गेली. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. परंतु जळगाव हे न्यूयॉर्क नव्हे. नव्या तबकडीस दोन-तीन हजार रुपये देणारी गिऱ्हाइके येथे मूठभरच असणार. अनुकरण करावयाचे ते वस्तूचे नव्हे, युक्तीचे. दुकान ही चार माणसे जमण्याची जागा आहे हे त्यांनी ओळखले. आमच्याकडे आखाजी आहे, श्रावणातली कानबाई आहे. नारायण राजहंस या मुलाने संगीताचे पहिले धडे जळगावातच मेहबूबखां यांच्याकडे घेतले, आणि तो पुढे बालगंधर्व झाला. त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव या शहरात आहे. अशा प्रसंगी जुनी मुद्रणे ऐकविणारी, त्यांची कथा सांगणारी आणि सोबत तानपुरा, तबला, हार्मोनियम विकणारी व दुरुस्त करणारी दुकाने उभी राहिली, तर त्यांना गिऱ्हाईक मिळणार नाही असे म्हणवत नाही.

हे सारे एकेकट्याच्या आवाक्यातले नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून जळगाव आणि धुळे येथील उरल्यासुरल्या दुकानदारांनी एकत्र यावे. दोन शहरांत अंतर ते काय, नव्वद किलोमीटरांच्या आसपास! रूपांतराची चांगली यंत्रसामग्री, एक जाणता तंत्रज्ञ आणि करारपत्रे पाहणारा एक वकील ही सामाईक ठेवता येतील. सहकाराचे बरे आणि वाईट असे दोन्ही अनुभव खान्देशाने घेतले आहेत. तेव्हा हिशेब उघडा ठेवण्याचे महत्त्व येथे कोणास शिकविण्याची गरज नाही.

सार्वजनिक संस्थांवरही जबाबदारी आहेच. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्यांनी गावोगाव हिंडून जुने कागद गोळा केले नसते तर वाण्याच्या दुकानात त्यांच्या पुड्या बांधल्या गेल्या असत्या. आज जी अवस्था तेव्हा कागदांची होती ती कॅसेटींची आहे. जळगावच्या विद्यापीठास २०१८ साली बहिणाबाईंचे नाव दिले गेले. त्या नावाची शोभा फलकाने होत नाही, कामाने होते. सार्वजनिक ग्रंथालयास आपल्या संग्रही असलेल्या जुन्या प्रती जतनासाठी संगणकीय स्वरूपात साठविण्याची मुभा कायदा देतो. विद्यापीठाने, मंडळाने आणि ग्रंथालयांनी कॅसेटी मिळवाव्यात आणि त्या उतरविण्याचे काम मोबदला देऊन याच दुकानदारांकडे सोपवावे. यात दानधर्म नाही. काम येणाऱ्या माणसास काम देणे आहे.

हे तातडीचे का, ते एका आकड्यावरून कळेल. खानेसुमारीत खान्देशी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविणारे लोक २००१ साली सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ साली ते सुमारे १८ लाख ६० हजार झाले. लोकसंख्या वाढत असता बोली सांगणारे घटत आहेत. उद्या या बोलीचा हेल कसा होता, आखाजीला झोक्यावर बसून सासुरवाशीण काय गात होती, हे नातीस ऐकावयाचे झाले तर ते कोठे ऐकावे? पुस्तकात शब्द सापडतील, हेल सापडणार नाही.

आम्ही सरसकट सर्व दुकाने तगावीत असे म्हणत नाही. ज्यास गाण्याची आवड नव्हती, केवळ डबे विकावयाचे होते, त्याने दुसरा डबा विकावा. त्यात कोणाचे काही अडत नाही. पण ज्याच्या कपाटात अद्याप जुन्या मूळ फिती आहेत आणि डोक्यात त्यांची माहिती आहे, तो दुकानदार गेला तर ती माहिती पुन्हा कोणत्याही बाजारात मिळणार नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या माळ्यावर कॅसेटींचे एखादे खोके असेल. या रविवारी ते खाली उतरवावे, आत काय आहे ते पाहावे आणि रद्दीवाल्याच्या आधी गाण्याच्या दुकानदाराकडे न्यावे. त्याने मागितलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. पेढी टिकते ती सहानुभूतीने नव्हे. पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाने.